प्रवरातीरींचें तांबें

नगर शहर मागें टाकून मनमाडच्या रस्त्यानें उत्तरेकडे निघालें कीं प्रथम नागापूर लागतें. येथें आतां औद्योगिक वसाहत झाली असून लोखंड कातणें, साचे करणें, धातूंस आकार देणें यांचा व्यवहार रात्रंदिवस चालूं असतो. पाळी संपवून कारखान्याबाहेर पडणाऱ्या एखाद्या तरुणास जर कोणीं विचारिलें कीं, 'बाबा रे, तुझ्या ह्या विद्येचा या जिल्ह्यांतील पहिला गुरु कोण ?' तर तो बहुधा आपल्या वस्तादाचें नांव सांगेल. तें उत्तर खोटें नाहीं. परंतु वस्तादाचा वस्ताद, त्याचा वस्ताद असा धागा मागें मागें नेला तर तो ह्याच रस्त्यानें राहुरीवरून पुढें प्रवरेच्या कांठीं जाऊन पोंचतो आणि तेथें चार हजार वर्षांपूर्वींच्या एका भट्टीच्या राखेंत नाहींसा होतो. त्या राखेचा शोध घेण्याचा आज आमचा विचार आहे.

ज्या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव प्राप्त झालें, त्या जिल्ह्याचे भूगोलदृष्ट्या मुख्य दोन भाग पडतात. नागापुरावरून वाहणारी सीना भीमेस मिळते. उत्तरेकडील प्रवरा मात्र रतनगडाच्या डोंगरांत उगम पावून टोक्याजवळ गोदावरीस मिळते. पुराणवस्तुसंशोधकांच्या दृष्टीनें प्रवरेचें भाग्य थोर ! संगमनेरच्या पूर्वेस जोर्वें, त्याखालीं श्रीरामपूर तालुक्यांत दायमाबाद, आणि आणखी खालीं नेवासें, अशीं एकाच नदीच्या तीरावरील तीन स्थळें दक्षिणेच्या प्राचीन इतिहासांत प्रमाणभूत ठरलीं आहेत. नेवाशाचें नांव काढतांच मराठी वाचकास ज्ञानेश्वरी आठवते, व तें योग्यच आहे. पण ज्या तीरावर शके १२१२ मध्यें तो ग्रंथ सांगितला गेला, त्याच तीरावर त्यापूर्वीं अडीच हजारांहून अधिक वर्षें माणसें रंगीत मडकीं घडवीत होतीं, मेलेलीं मुलें घराच्या भुईंत पुरीत होतीं आणि क्वचित् तांब्याचा एखादा मणि गळ्यांत बांधीत होतीं, ही गोष्ट अजून पुष्कळांच्या गांवीं नाहीं.

ही संस्कृति ओळखली गेली तीहि फार पूर्वीं नव्हे. मधुसूदन नरहर देशपांडे यांच्या दृष्टीस जोर्व्याचें टेकाड १९४७ मध्यें पडलें, आणि १९५०-५१ मध्यें हसमुख धीरजलाल सांकळिया व शांताराम भालचंद्र देव यांनीं तेथें उत्खनन केलें. तांबड्या अंगावर काळ्या रेघांनीं चितारलेल्या ज्या मडक्यांस आज सर्वत्र 'जोर्वें मडकीं' म्हणतात, त्यांचें नामकरण या खेड्यावरून झालें. नेवाशाचें उत्खनन १९५४ ते १९५६ ह्या वर्षांत झालें. दायमाबाद हें ओसाड पडलेलें गांव. तें १९५८ मध्यें बोपर्डीकर यांनीं हेरलें, आणि मग तेथें देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांनीं पाळीपाळीनें खोदकाम केलें. सर्वांत विस्तृत काम साळी यांचें. तें १९७९ पर्यंत चाललें होतें.

येथें एका शब्दाविषयीं सांगणें अवश्य आहे. ह्या काळास विद्वान् 'ताम्रपाषाणयुग' म्हणतात. सामान्य वाचक ह्या जोडशब्दांतील पहिलें पद ऐकतो व दुसरें विसरतो. वास्तविक त्या काळीं प्रवरेच्या शेतकऱ्याचें रोजचें हत्यार दगडाचेंच होतें. गारेच्या जातीच्या चिवट दगडाचीं, बोटाएवढ्या लांबीचीं पातळ धारदार पातीं काढून, तीं लांकडाच्या किंवा हाडाच्या खोबणींत बसवून तो कापणी करी, कातडें सोली, लांकूड तासी. हा दगड नदीच्या पात्रांत फुकट मिळे. तांबें मात्र फुकट नव्हतें. तें जवळहि नव्हतें. सह्याद्रीचा काळा फत्तर हा थिजलेला लाव्हा असून त्यांत गाळून काढावें असें तांबें नाहीं. महाराष्ट्रांत तांब्याचे दगड आहेत ते पूर्वेकडे, चांद्याच्या व नागपूरच्या बाजूस, काळ्या फत्तराच्या सीमेपलीकडे. त्या काळचें तांबें बहुतेक राजस्थानांतून येत असावें असा विद्वानांचा कल आहे. खेत्रीच्या डोंगरांत तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. त्याच टापूंतील गणेश्वर येथें तांब्याचीं बाणाग्रें व इतर वस्तु शेंकड्यांनीं निघाल्या. आणि उदयपुराजवळील आहाड, ज्याचें जुनें नांवच तांबावती, तेथें धातु गाळल्यावर उरणारी मळी उत्खननांत सांपडली आहे. मेवाडांतून माळव्यांत, माळव्यांतून नर्मदा व तापी उतरून गोदावरीच्या खोऱ्यांत, असा हा मार्ग. मडक्यांच्या नक्षीवरून पाहतां माणसेंहि ह्याच मार्गानें आलीं. प्रवरेकांठच्या सर्वांत जुन्या थरास तापीकांठच्या सावळद्याचें नांव आहे आणि त्यापुढील एका थरास प्रत्यक्ष माळव्याचेंच.

इतक्या दूरून आलेल्या धातूचें मोल काय असेल याची कल्पना आपणांस आज करवत नाहीं. १९९१ मध्यें आल्प्स पर्वताच्या बर्फांत पांच हजार वर्षांपूर्वींचें एक प्रेत जसेंच्या तसें मिळालें. त्या मनुष्याच्या पाठीस बाण लागलेला होता. मारणाऱ्यानें वा मागून आलेल्या कोणीं त्याची तांब्याची कुऱ्हाड नेली असती तर आश्चर्य नव्हतें. ती तशीच राहिली म्हणून ही कुऱ्हाड संशोधकांस एक कोडें होऊन बसली आहे. जोर्व्यास तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी व एक बांगडी सांपडली. तेवढ्या लाभानें पुराणवस्तुशास्त्रज्ञांस परमावधीचा आनंद झाला, आणि तो अस्थानीं नव्हता.

आतां हा धातु घडतो कसा तें थोडें पाहूं. हिरवा तांब्याचा दगड दळून तो कोळशाबरोबर भट्टींत घातला आणि भात्यानें सारखा वारा दिला, तर कोळशाच्या जळण्यानें दगडांतील प्राणवायु निघून जातो व तांबें मोकळें होतें. शुद्ध तांबें वितळण्यास सुमारें १०८५ अंश शतमान उष्णता लागते. चुलीच्या विस्तवास ही मजल गांठतां येत नाहीं. बंदिस्त भट्टी, चांगला कोळसा आणि न थांबणारा भाता ह्या तीन गोष्टी जमल्या तरच गांठतां येते. सर्बियांत हें काम सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं झाल्याचे पुरावे आहेत. मग मुशींत वितळलेला रस दगडाच्या किंवा मातीच्या उघड्या सांच्यांत ओतावयाचा. थिजलेली पाटी हातोड्यानें ठोकावयाची. ठोकतां ठोकतां तांबें कठीण होतें आणि अधिक ठोकल्यास तडकतें. म्हणून मधून मधून तें लाल करून पुन्हां मऊ करावें लागतें. पुण्याच्या तांबट आळींत ज्यानें हंड्यावर पडणाऱ्या ठोक्यांचा नाद ऐकला असेल, त्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. तांबट ह्या शब्दांतच ठोकणें आहे, आणि कासार ह्या शब्दांत कांसें आहे. आज कासार बांगड्या विकतो व त्या बहुधा कांचेच्या असतात, ही गोष्ट निराळी.

कांसें म्हणजे तांबें व कथील यांचें मिश्रण. दहा भागांत एक भाग कथील पडलें कीं धातु कमी उष्णतेंत वितळतो, सांच्यांत नीट पसरतो आणि थंड झाल्यावर नुसत्या तांब्याहून कितीतरी कठीण होतो. जोर्व्याच्या एका कुऱ्हाडीचें पृथक्करण केलें तेव्हां तींत कथिलाचा अंश शेंकडा १·७८ निघाला. हा आंकडा आम्हांस मोठा बोलका वाटतो. इतक्या कथिलानें हत्यारास म्हणण्यासारखें काठिण्य येत नाहीं. पण दगडांतून आपोआप आलें असें म्हणण्यासहि तें जरा जास्त आहे. मोडक्या कांशाच्या वस्तु नव्या तांब्यांत टाकून पुन्हां वितळविल्या असतां असें प्रमाण सहज येतें. आमचा तर्क असा कीं, जोर्व्याच्या कारागिराजवळ मोड येत होती, आणि मोडीचा एक कण तो वांया जाऊं देत नव्हता. कुऱ्हाड झिजली कीं तिची छिनी, छिनी झिजली कीं तिचा मणि. ह्या टेकाडांत धातु इतका थोडा कां मिळतो ह्याचें अर्धें उत्तर येथेंच आहे. तो पुरला जात नसे, वितळविला जात असे.

ह्या नियमास जेथें अपवाद दिसतो तेथें मन थांबतें. ह्या लोकांत लहान मूल वारलें म्हणजे दोन मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत तें निजवीत व घराच्या भुईंतच पुरीत. नेवाशास अशा एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजाचा असा गुण आहे कीं, त्याला चिकटलेला धागा कुजत नाहीं. त्यामुळें मण्यांच्या छिद्रांत दोऱ्याचा अंश टिकला, आणि तो कापूस व रेशीम यांचा असल्याचें निदान झालें. पुण्याच्या बाजूस घोड नदीवरील चांडोली येथें अशाच मण्यांतून जवसाच्या वाकाचा दोरा मिळाला. मोड पुन्हां पुन्हां वितळविणाऱ्या त्या काटकसरी लोकांनीं तें तांबें मुलाच्या गळ्यांतून काढून घेतलें नाहीं. विणकामाच्या इतिहासास त्या मातेच्या दुःखानें एक पुरावा दिला.

चांडोलीसच तांब्याचा एक खंजीर मिळाला. त्याच्या मुठीस कीटकाच्या मिशांप्रमाणें दोन फांटे आहेत व पात्यास मध्यें उंच कणा आहे. असलीं फांटेदार मुठीचीं शस्त्रें गंगायमुनांच्या दुआबांतील ताम्रनिधींत विशेष आढळतात. पात्यास असा कणा येण्यास सांचाहि त्या मानानें कुशल असावा लागतो. अर्थात् हा खंजीर येथें घडला कीं तिकडून आला हा वाद आहेच. परंतु दक्षिणेंतील हीं खेडीं जगापासून तुटलेलीं नव्हतीं एवढें त्यानें सिद्ध होतें.

आतां दायमाबादकडे वळूं. या टेकाडांत एकावर एक असे पांच थर आहेत. सर्वांत खालीं सावळदा, त्यावर उत्तर-हरप्पा, मग ज्यास दायमाबाद संस्कृति हेंच नांव दिलें तो थर, मग माळवा, आणि सर्वांवर जोर्वें. इसवी सनापूर्वीं सुमारें २२०० पासून १००० पर्यंतचा हा काळ. उत्तर-हरप्पा थरांत सिंधूलिपीचें चिन्ह असलेल्या बटणासारख्या मुद्रा व अक्षरें कोरलेलीं खापरें निघालीं, तेव्हां सिंधुसंस्कृतीचा हात गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोंचला होता याविषयीं शंका उरली नाहीं. दायमाबाद संस्कृतीच्या थरांत तांबें गाळण्याच्या भट्टीचा एक भाग सांपडला. माळवा थरांतील एका घरांत तांब्याच्या वस्तु मिळाल्या, त्यावरून तें तांबटाचें घर असावें असें साळी यांनीं अनुमान केलें. जोर्वें काळांत गांवास तट होता, आणि कुंभार, मणि करणारे, चुना भाजणारे ह्यांचीं घरें निरनिराळीं ओळखूं येतात. म्हणजे ज्यास आपण बलुत्याचें गांव म्हणतों त्याचा ओबडधोबड सांगाडा प्रवरातीरीं तीन हजार वर्षांपूर्वीं उभा होता.

पण दायमाबादचें नांव जगभर झालें तें ह्या कशामुळेंहि नव्हे. १९७४ मध्यें छबू लक्ष्मण भिल नांवाचा तेथील एक शेतकरी एका झुडुपाच्या बुंध्याशीं खणीत असतां त्याच्या अवजारास धातु लागला. खालीं चार मूर्ति होत्या. पहिली म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ. लांबी ४५ सेंटिमीटर, आणि त्यांत उभा राहून हांकणारा पुरुष १६ सेंटिमीटर उंच. दुसरा पाणरेडा, ३१ सेंटिमीटर उंच, चाकांच्या चौरंगावर उभा. तिसरा हत्ती, २५ सेंटिमीटर उंच. त्याच्या चौरंगाचे आंस व चाकें गेलेलीं. चौथा गेंडा, १९ सेंटिमीटर उंच, दोन आडव्या दांड्यांवर उभा, खालीं भरींव चाकें. चौघांचें वजन मिळून साठ किलोंहून अधिक. मोहेंजोदडोची जी नर्तकी आज शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे, तिची उंची अवघी साडेदहा सेंटिमीटर, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दायमाबादच्या ह्या ठेव्याचें मान कळेल. सहा कुऱ्हाडींनीं आनंदित होणाऱ्या शास्त्रास एका झुडुपाखालीं साठ किलो धातु सांपडला !

ह्या मूर्ति भरींव ओतलेल्या आहेत. रीत मेणाची. आधीं मेणाची प्रतिमा करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण वितळवून काढावयाचें आणि त्या पोकळींत रस ओतावयाचा. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत हा विधि सांगितलेला आहे. तथापि तो त्याहून फार जुना. बलुचिस्तानांतील मेहेरगड येथें मिळालेला चाकाच्या आकाराचा एक लहानसा तांब्याचा ताईत ह्याच रीतीनें सहा हजार वर्षांपूर्वीं ओतला होता असें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. परंतु ताईत ओतणें निराळें व हत्ती ओतणें निराळें. साठ किलो तांबें म्हणजे जवळजवळ सात लिटर रस; एका मूर्तीच्या वांट्यास सरासरीनें पंधरा किलो. मेणाचा सांचा भरतांना हात थांबून चालत नाहीं, थांबला कीं मध्यें सांधा पडतो. लहान मुशींत एवढा रस एका वेळीं राहत नाहीं. तेव्हां अनेक मुशी एकदम तयार, अनेक भाते एकदम चालूं, आणि 'ओता' म्हणणारा एक मनुष्य, अशी व्यवस्था असल्यावांचून हें काम होणें नाहीं. हा एकट्यादुकट्या तांबटाचा उद्योग नव्हे. त्याच्या मागें कोणी धनी होता; मग तो राजा असो, गांव असो, कीं देव असो.

येथवर सर्व ठीक. आतां अडचण. हा ठेवा शास्त्रज्ञाच्या खुरप्याखालीं निघाला नाहीं. तो कोणत्या थरांत होता, त्याच्या शेजारीं कोणतें खापर होतें, हें पाहणारा त्या क्षणीं तेथें कोणी नव्हता. साळी यांनीं सांपडल्या जागेचा व टेकाडांतील थरांचा मेळ घालून हा ठेवा उत्तर-हरप्पा काळाचा ठरविला, आणि मधुकर केशव ढवळीकर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषानेंहि त्याच मतास दुजोरा दिला. उलट धर्मपाल अगरवाल यांनीं धातूच्या पृथक्करणावर बोट ठेविलें. ह्या मूर्तींत सोमलाचें प्रमाण शेंकडा एकाहून अधिक आहे. इतर ताम्रपाषाणकालीन वस्तूंत सोमलाचें असें मिश्रण आढळत नाहीं. तेव्हां मूर्ति ऐतिहासिक काळांतील असूं शकतील, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे चार हजार वर्षांचा ठेवा एकदम दोन हजार वर्षांनीं तरुण होऊं पाहतो.

हा केवळ विद्वानांचा तंटा आहे असें कोणी समजूं नये. ह्या मूर्ति जर खरोखर इसवी सनापूर्वीं १८०० च्या आधींच्या असतील, तर महाराष्ट्राच्या शिल्पकलेचा आरंभ लेण्यांपासून नव्हे तर त्यापूर्वीं दीड हजारांहून अधिक वर्षें, आणि तोहि अशा थोर कृतींनीं धरावा लागेल. त्या जर सातवाहनांच्या वेळच्या असतील, तर त्या सुंदर खऱ्या, पण एकाकी नव्हेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीस मिळालेल्या त्या काळच्या कांशाच्या वस्तूंच्या रांगेंत त्यांस जागा मिळेल. अशा प्रसंगीं अभिमानाचें पारडें कोणीकडे झुकतें हें सांगावयास नको, आणि म्हणूनच पुरावा अधिक थंड डोक्यानें पाहिला पाहिजे.

सोमलाच्या आक्षेपाचा विचार करूं. सोमल हा विषारी खरा, परंतु तांब्यांत थोडासा मिसळला असतां तो कथिलाचेंच काम करतो. तांबें कठीण करतो, ओतण्यास सुलभ करतो, बुडबुडे कमी करतो. पश्चिम आशियांत कथिलाचें कांसें रूढ होण्यापूर्वीं शेंकडों वर्षें सोमलाचें तांबेंच चालत होतें. तेव्हां सोमल हें अर्वाचीनतेचें लक्षण नव्हे. अगरवाल यांचें म्हणणें तसें नाहींच. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, दक्षिणेच्या ह्या खेड्यांतील इतर तांब्यांत तो नाहीं, मग ह्यांतच कां ? ह्यास उत्तर आहे. मोहेंजोदडो व हरप्पा येथील कांहीं वस्तूंत सोमल चांगला दिसून येतो. जर हा धातु सिंधुसंस्कृतीच्या प्रदेशांतून आला असेल तर आक्षेपाचा जोर पुष्कळसा ओसरतो.

पण ह्या उत्तराची किंमत द्यावी लागते, व ती देण्यास आमचे अभिमानी मित्र तयार होतील कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. काळ राखावयाचा तर धातु परका मानावा लागतो. आणि धातु परका, रीत परकी, प्राणीहि सिंधूच्या मुद्रांवरचे, एवढें मानल्यावर मूर्ति तरी येथें ओतल्या कशावरून? मोहेंजोदडोच्या ज्या प्रसिद्ध मुद्रेस पशुपतीची मुद्रा म्हणतात तिच्यावर हत्ती, वाघ, गेंडा व रेडा असे चार पशु आहेत. दायमाबादेस त्यांपैकीं तीन आहेत. वाघ नाहीं, आणि पशुपतीच्या जागीं रथ हांकणारा पुरुष आहे. चाकांवर प्राणी व गाड्या करण्याची आवड सिंधुसंस्कृतींत सर्वत्र होती. हरप्पा व चान्हुदडो येथें तांब्याच्या इवल्याशा गाड्या मिळाल्या आहेत. हें साम्य सातवाहनकालीन कोणत्याहि वस्तूंशीं असलेल्या साम्याहून जवळचें आहे, आणि म्हणून काळाच्या प्रश्नांत आम्ही साळी व ढवळीकर यांच्या बाजूस उभे राहतों. परंतु त्याच पुराव्यानें 'हें महाराष्ट्राचें कर्तृत्व' हें वाक्य उच्चारण्याचा आमचा अधिकार कमी होतो. दोन्ही गोष्टी एकदम पदरांत पडत नाहींत.

मधला एक मार्ग आहे, आणि तो आम्हांस सर्वांत संभवनीय दिसतो. उत्तर-हरप्पा थरांतील लोक येथें केवळ माल विकावयास आले नव्हते. ते राहिले, मेले व येथेंच पुरले गेले. कच्च्या विटा लावलेल्या खड्ड्यांत निजविलेलें त्यांतील एकाचें शव दायमाबादेस मिळालें आहे. अशा लोकांबरोबर त्यांचा धातु आला असेल, त्यांचे देव आले असतील, आणि मेण व माती हाताळणारा त्यांचा कारागीरहि आला असेल. साठ किलोंच्या तयार मूर्ति गुजरातेंतून घाट चढवून आणण्यापेक्षां तेवढ्याच वजनाच्या तांब्याच्या लगडी बैलांच्या पाठीवर आणणें सोपें. पुढच्याच थरांतील भट्टीचा भाग हा ह्या अनुमानास पोषक आहे. तो सिद्धांत करण्यास पुरेसा नाहीं, हें आम्ही आपण होऊनच सांगतों.

मूर्ति चाकांवर कां, ह्याविषयीं तर्क पुष्कळ झाले आहेत. खेळणीं म्हणावीं तर त्या फार जड. दोरी बांधून मिरविण्याच्या असाव्या असें मानणें त्यांतल्या त्यांत बरें. आमच्या गांवोगांव पोळ्यास बैलांची मिरवणूक निघते आणि घरोघर मातीचे बैल पूजिले जातात, त्याचा संबंध कोणी दायमाबादशीं जोडूं पाहील. आम्ही जोडीत नाहीं. मधली चार हजार वर्षें ओलांडण्यास नुसतें साम्य पुरत नाहीं. गेंड्याविषयीं मात्र एक विचार मनांत येतो. हा प्राणी आज महाराष्ट्रांत नाहीं. कारागिरानें तो कोठें पाहिला असेल, कीं पूर्वजांच्या मुद्रेवरचें चित्र त्याच्या हातांत वारशानें आलें असेल ? मूर्तींतील गेंड्याचें अंग, त्या अंगाच्या घड्या व जड पावलें पाहिलीं म्हणजे पाहून केलें असें म्हणावेंसें वाटतें. पण एका पिढीनें पाहिलेलें दुसरी पिढी हुबेहूब काढते, हाहि कारागिरांचा नित्याचा अनुभव आहे.

ठेवा पुरला कोणीं व कां, हा प्रश्नहि ह्यांतच येतो. वापरून टाकलेली वस्तु कोणी साठ किलो पुरीत नाहीं, विशेषतः जेथें मोडीचा कण राखला जातो तेथें. कांहीं भयानें झांकून ठेविली आणि उकरण्यास कोणी परतलें नाहीं, हें उत्तर साधें व बहुधा खरें. दायमाबादेस उत्तर-हरप्पा वसाहतीनंतर निराळे लोक निराळीं मडकीं घेऊन राहिलेले दिसतात.

छबू भिल याच्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. मोडीच्या भावानें विकला जाण्यास साठ किलो तांबें म्हणजे १९७४ च्या दुष्काळपीडित महाराष्ट्रांत लहान रक्कम नव्हती. आपल्या देशांत नांगराला लागलेले किती ताम्रपट हंड्यांत व किती मूर्ति घंटांत वितळून गेल्या असतील त्याची गणती नाहीं. ह्या चार मूर्ति वांचल्या आणि आज वस्तुसंग्रहालयांत लोकांस पाहावयास मिळतात. पुस्तकांतून साळी, राव, ढवळीकर, अगरवाल ह्यांचीं नांवें यथायोग्य येतात. ज्याच्या हातांस तो धातु प्रथम लागला त्याचें नांव मात्र पुष्कळ ठिकाणीं 'एका स्थानिक शेतकऱ्यास' ह्या तीन शब्दांत आटोपलेलें असतें.

वादाचा निकाल लागण्यास आतां एक नवें साधन झालें आहे. तांब्यांत अल्पांशानें असणाऱ्या शिशाचे जे निरनिराळ्या वजनाचे अणु असतात, त्यांचें परस्पर प्रमाण प्रत्येक खाणीच्या दगडांत बहुधा ठराविक असतें; धातूंतील प्रमाण व दगडांतील प्रमाण ताडून पाहिलें असतां तांबें कोणत्या डोंगराचें ह्याचा अदमास करतां येतो. आल्प्सच्या त्या मनुष्याची कुऱ्हाड इटलीच्या टस्कनी प्रांतांतील तांब्याची होती हें ह्याच रीतीनें कळलें. राईएवढा कण ह्या कामास पुरतो. मोडीची भेसळ झाली असल्यास उत्तर अंधुक येतें हें खरें. पण दायमाबादचा हत्ती, जोर्व्याची कुऱ्हाड, नेवाशाचा मणि आणि खेत्रीचा दगड हे चौघे एका तागडींत घातले म्हणजे निदान इतकें तरी समजेल कीं, प्रवरेचा तांबट व रथाचा ओतारी एकाच खाणीचें तांबें वापरीत होते कीं नाहीं.